असाल तसे निघा

राजनंदिनीबद्दल जळकोटात आता लोक काहीही बोलतात. खोटे मेसेज सोडायची म्हणून कंपनीनं तिला बंद केलं, असं परवा एक जण माझ्याच दुकानात झेरॉक्स काढता काढता म्हणाला. मी त्याचे कागद अर्धवट त्याच्या हातात दिले आणि त्याला पायरी दाखवली. माझं डोकं लवकर फिरतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण झालं ते कसं झालं, हे फक्त तिला आणि मला ठाऊक आहे. ती बोलणार नाही. म्हणून मी बोलतो.

मी शरणप्पा. हायवेवर एसटी थांबते तिथं समोर माझं दुकान. आज तिथं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढून देणं असलं सगळं चालतं. पण एके काळी त्याच जागी एसटीडीचा पिवळा बोर्ड होता, आणि काचेच्या खोक्यात एक फोन. गावात दुसरा फोन ग्रामपंचायतीत होता, त्याला कुलूप. त्यामुळं कुणाच्या घरी माणूस गेलं की चिठ्ठीवर नंबर लिहून लोक माझ्याकडं यायचे. लेक सोलापूरला, मुलगा भिवंडीला, बहीण तिकडं आळंदला. नंबर मी फिरवायचो आणि बोलायचोही मीच, कारण घरच्या माणसाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. किती मरणं मी ह्या तोंडानं सांगितली असतील, देव जाणे.

ते सांगायची एक रीत होती. 'गेले' असं म्हणायचं नाही. "तब्येत जास्त आहे, असाल तसे निघा," एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवायचा. ऐकणाऱ्याला कळत नसे असं नाही. पण मनात कळणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. तेवढ्या अवधीत माणूस गाडीत बसतो, डोळे पुसतो, गाव येईपर्यंत स्वतःला सावरतो. एकदा, एकदाच, मी घाईत एकाला सरळ सांगितलं, तुझे वडील गेले म्हणून. तो उमरग्याहून मोटारसायकलवर निघाला आणि वाटेत ट्रकखाली आला. एका घरातून दोन तिरड्या उचलल्या. त्यानंतर मी कुणाला सरळ सांगितलं नाही. ही गोष्ट मी राजनंदिनीलाही सांगितली होती, आणि ती सांगितली नसती तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

राजनंदिनी म्हणजे दगडाबाईची सून. माहेर भूमचं. वडील लहानपणीच वारलेले, घरी आई प्रयागबाई आणि धाकटा भाऊ युवराज. धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटरची डिग्री केलेली. नवरा रणधीर चाकणला कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी यायचा. लग्न होऊन आली तेव्हा दगडाबाई माझ्या दुकानात येऊन म्हणाली होती, "अप्पा, सून कॉम्प्युटर शिकलीया म्हणं. आता त्या कॉम्प्युटरनं काय म्हशीची धार काढायची व्हय?" पण सासू तोंडाची फाटकी असली तरी मनाची वाईट नव्हती. सहा महिन्यांनी तीच सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "घरात रेंज न्हाय, हिला तुमच्याकडं एक कोपरा द्या."

कोपरा दिला. पोरगी सकाळी भाकरी-भाजी, धार, सगळं उरकून नवाला यायची, तिचा कॉम्प्युटर सुरू करायची आणि चारपर्यंत मान वर करायची नाही. पुण्यातल्या कुणाकुणाची कामं करायची. मी दिवसभर बडबडणारा माणूस. ती ऐकायची, मधेच "अप्पा, जरा गप बसता का?" असं हसत म्हणायची. माझ्या बायकोलाही जे तीस वर्षांत जमलं नाही ते तिला जमायचं.

मग दगडाबाईची बहीण वारली. बहीण अणदूरला दिलेली, इथनं हाकेच्या अंतरावर. आणि दगडाबाईला ते कळलं नवव्या दिवशी! नळदुर्गच्या बाजारात बांगड्या भरायला बसली होती, बांगडीवाली म्हणाली, "उद्या बहिणीच्या दहाव्याला जाणार असाल ना?" हात तसाच पुढं धरलेला राहिला, अर्ध्या बांगड्या भरलेल्या. बहिणीच्या घरच्यांना विचारलं तर प्रत्येकाला वाटलेलं की दुसऱ्यानं सांगितलं असेल. दगडाबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून कपाळ बडवत होती. "आगं, म्या काय परदेशात हाय का? त्या घरात धा मोबाईल हायती, धा! आन् म्या हिकडं हिरव्या बांगड्या भरतीया!"

राजनंदिनी तिच्या मागं उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुण्याची कामं बाजूला सारली.

तिनं जे केलं त्याचं नाव ठेवलं 'सांगावा'. समजायला सोपं होतं. गप्पा, फोटो, स्टेटस, लोकांचं सगळं ज्यावर चालतं ते ॲप तुमच्या फोनमध्ये आहेच. कंपनीचं नाव मी घेत नाही. ती जगाएवढी कंपनी, मी झेरॉक्सवाला. त्या ॲपवर राजनंदिनीनं एक नंबर चालू केला. प्रत्येक घरानं आपल्या सोयऱ्या-धायऱ्यांचे नंबर आधीच तिथं देऊन ठेवायचे. घरात मयत झाली की घरच्यानं त्या नंबरवर फक्त नाव, गाव आणि वेळ टाकायची. पुढचं तिचा प्रोग्रॅम करायचा. एका मिनिटात सगळ्या सोयऱ्यांना निरोप. कुणी राहायचं नाही, कुणावर ढकलायचं नाही. लेकीला आईबापाचं शेवटचं तोंड दिसावं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. पैसा कुणाकडून घेतला नाही. "मयतीचे काय पैसे घ्यायचे अप्पा," म्हणायची.

निरोपाचे शब्द ठरवताना मात्र आमचं वाजलं. तिनं लिहिलं होतं, अमुक यांचं निधन झालं, अंत्यविधी इतक्या वाजता. मी म्हटलं, "हे भावकीला ठीक आहे. लेकीला, लेकाला, सख्ख्या बहिणीला असं पाठवशील? वाटेत काही झालं तर?"

"मग काय लिहू?"

"लिही, तब्येत जास्त आहे, असाल तसे निघा."

"अप्पा, माणूस गेलेलं असताना?"

"होय. आणि खाली लिही, फोन करत बसू नका. फोन केला की इकडचं रडणं ऐकू जातं. मग एवढं झाकून उपयोग काय?"

"पण हे खोटं होईल ना."

मला राग आला. "तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी हे सांगत आलोय. खोटं नाही ते, रीत आहे!" मग तिला उमरग्याच्या ट्रकची गोष्ट सांगितली. ती पुन्हा कामाला लागली. संध्याकाळी जाताना म्हणाली, "घातलं तुमचं वाक्य." त्या कंपनीत म्हणे एकाच छापाचं वाक्य अनेकांना पाठवायचं तर आधी मंजूर करून घ्यावं लागतं. माझं वाक्य दोन मिनिटांत मंजूर झालं. "कुणी वाचलं?" मी विचारलं. "मशीननं," ती म्हणाली. मला केवढा आनंद झाला होता, काय सांगू! माझं वाक्य पास झालं म्हणून मी तिला समोरच्या हॉटेलातनं भजी आणून दिली.

मग मीच एक कागद तयार केला. घरात मयत झाल्यास काय करावं, ह्याच्या सूचना. त्यातली तिसरी सूचना अशी: जवळच्या माणसांना स्वतः फोन करू नये, रडण्यानं त्यांना कळतं, सांगावा आपोआप जाईल. पाचशे झेरॉक्स मी स्वतः काढल्या. त्यातल्या दीडशे तिच्या भावानं, युवराजनं, भूमला नेल्या.

आणि चाललं हो ते! अपेक्षेपेक्षा चाललं. पहिल्याच महिन्यात आमच्या गल्लीतला एक म्हातारा गेला. त्याची लेक कलबुर्गीच्या पुढं दिलेली, आजवर कुठल्याच मयतीला वेळेवर न पोचलेली. ती बापाच्या तोंडात पाणी घालायला पोचली. दुसऱ्या दिवशी ती बाई दुकानात आली आणि राजनंदिनीच्या पाया पडायला वाकली. राजनंदिनी एवढी लाजली की कॉम्प्युटरच्या मागं जाऊन उभी राहिली. वर्षभरात चारशेच्या वर घरं झाली. जळकोट, अणदूर, नळदुर्ग, इकडं तुळजापूरपर्यंत, आणि तिकडं भूमची तिच्या माहेरची सगळी माणसं.

बाहेरून सगळं छान दिसत होतं. आतली धास्ती मी जवळून पाहत होतो. दर दोन-तीन महिन्यांनी कंपनीचा नवा नियम यायचा. आज म्हणे नंबरामागं नोंदणी केलेली संस्था दाखवा. उद्या म्हणे तुमचा प्रोग्रॅम ज्या पद्धतीनं आमच्याशी बोलतो ती पद्धत बंद, नवीन शिका. ती बिचारी दोन दोन आठवडे सगळं उसवून पुन्हा शिवायची. एकदा तिचं डोकं धरलेलं बघून मी म्हटलं, "अगं, स्वतःचंच काहीतरी काढ की. त्यांच्या दारात कशाला?"

"एसएमएस कुणी उघडत नाही अप्पा. त्यात बँक आणि कर्जाच्या जाहिरातीच असतात. आणि माझं वेगळं ॲप काढलं तर अणदूरची म्हातारी ते टाकून घेणार आहे का? माणसं तिथं आहेत, म्हणून मी तिथं. पण घर माझं आणि जागा दुसऱ्याची. उठ म्हणाले की उठायचं."

"असं कसं उठ म्हणतील? तुझं काय वाईट काम आहे का?"

ती हसली. मला तेव्हा खरंच वाटत होतं की चांगलं काम करणाऱ्याला कोण कशाला उठवेल.

तो मंगळवार होता. एप्रिलचं ऊन, नऊलाच रस्ता तापलेला. राजनंदिनी आली, कॉम्प्युटर सुरू केला आणि तशीच उभी राहिली. बसलीच नाही. मी विचारलं काय झालं. तिनं बोट दाखवलं. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी. पहाटे पाच वाजता नंबर बंद केलेला. तिनं मला मराठीत सांगितलं: "म्हणतायत, तुमच्या खात्यावरून लोकांना खोटी घाई दाखवून फसवणारे निरोप जातात. तक्रारी आल्यात."

"कसले फसवणारे?"

तिनं खाली सरकवलं. तिथं त्यांनी नमुना म्हणून एक निरोप दाखवला होता. तब्येत जास्त आहे. असाल तसे निघा. फोन करत बसू नका.

पुढं कळलं ते असं, की पुण्यातल्या कुणा दोघा-तिघांना निरोप गेला, त्यांना वाटलं आजकाल फसवणारे असंच लिहितात, आता पैसे मागतील, आणि त्यांनी तक्रारीचं बटण दाबलं. बरोबरच आहे त्यांचं! घाई करा, फोन करू नका, खात्री करू नका, चोर दुसरं काय म्हणतो? जे वाक्य मशीननं दोन मिनिटांत पास केलं होतं, तेच मशीननं आता चोराचं ठरवलं. मंजूर करणारंही मशीन, फाशी देणारंही मशीन. आणि वाक्य माझं.

"पोरी, हे माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

"ते नंतर बघू अप्पा," ती म्हणाली. एवढंच. मला एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि आजवरही नाही.

तिनं दाद मागितली. तिथं तीनशे अक्षरांत काय ते लिहायचं होतं. आमच्याकडं मयतीचा निरोप कसा देतात हे तीनशे अक्षरांत कसं लिहायचं? तिनं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवल्याबरोबर उत्तर आलं, तुमचा अर्ज मिळाला, वाट पाहा. फोन नंबर कुठंच नाही. एका ठिकाणी 'आमच्याशी बोला' असं होतं, तिथंही मशीनच. ते तिला विचारत होतं, तुम्ही पासवर्ड विसरलात का? मी म्हटलं, "हात् तुझ्या! ह्या एवढ्या मोठ्या कंपनीत एक माणूस नाही का फोन उचलायला? मी एकटा अख्खं गाव सांभाळत होतो!"

तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. "अप्पा, आज कुणाच्या घरी मयत झाली तर? ते निरोप टाकतील आणि वाटेल की गेला. आणि आपल्याच कागदावर लिहिलंय, फोन करू नका. कुणाची तरी लेक तशीच राहील."

मग तिनं जे करायला हवं होतं तेच केलं. घरांची यादी तिच्याकडं होती. म्हणाली, एकेकाला फोन करून सांगायचं, सांगावा बंद आहे, काही झालं तर स्वतः फोन करा. अर्धी यादी मला दिली, अर्धी तिनं घेतली. साडेनऊला आम्ही सुरू केलं. मी इतक्या वर्षांनी पुन्हा ओळीनं फोन लावत होतो. कुणी उचलत नव्हतं, कुणी म्हणत होतं बरं बरं, कुणी चहापाणी विचारत होतं. ती मात्र प्रत्येकाला आधी एकच विचारायची, "घरी सगळे बरे आहेत ना?" आणि होय म्हटलं की एक श्वास सोडून त्या नावापुढं खूण करायची.

भूमची नावं तिनं शेवटी ठेवली होती. मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "ती माझीच माणसं आहेत, त्यांचं काय. आधी परक्यांचं करू."

अकराच्या सुमारास ती बोलत असताना फोनमध्ये मधेच टुकटुक वाजलं. बोलणं संपल्यावर तिनं बघितलं. "मावशीचा होता. भूमहून." आणि ती परत लावायला लागली. तेव्हा मी, ह्या शरणप्पानं, काय म्हणावं? म्हणालो, "अगं, आपली माणसं कुठं पळून चाललीत का? गप्पा नंतर मार. आधी यादी उरक." तिनं ऐकलं. माझं कधी ऐकायची नाही, नेमकं त्या दिवशी ऐकलं.

दुपारी दगडाबाई डबा घेऊन आली. आम्हा दोघांपैकी कुणी जेवलं नाही. दगडाबाई पायरीवर बसून म्हणत होती, "आगं, चार घास खा. तुझ्या कंपनीला काय उपाशी माणसाची दया येनार हाय?"

साडेतीन वाजता जळकोट, अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर सगळं संपलं. जवळजवळ सगळ्या नावांपुढं खुणा झाल्या होत्या, आणि कुठंही मयत नव्हती. राजनंदिनी पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकली. म्हणाली, "सुटलो अप्पा. आज कुणाचं काही झालं नाही." पाणी प्याली. मग हसत म्हणाली, "आता माझ्या भावाला सांगते, तो भूममध्ये सगळ्यांना सांगेल." आणि तिनं फोन लावला. हात दमले म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला होता, त्यामुळं मलाही ऐकू आलं. दगडाबाईलाही आलं.

युवराजनं पहिल्याच रिंगला उचलला. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "अक्का, कुठवर आलीस?"

ती म्हणाली, "कुठं?"

"येरमाळा ओलांडला का? आम्ही दोनपर्यंत थांबलो गं. लई वाट बघितली. ऊन फार, मोठी माणसं म्हणाली आता ठेवता येणार न्हाय. अक्का? निघालीयस ना तू? सकाळी पावणेसातलाच सांगावा टाकला म्या. मुद्दाम फोन केला न्हाय. माझा आवाज ऐकला असता तर तुला कळलं असतं."

तिनं फोनकडं नुसतं बघितलं. पलीकडून तो अक्का, अक्का म्हणत होता. दगडाबाईनं उठून सुनेला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं टाहो फोडला. राजनंदिनी रडली नाही. सासूच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत म्हणाली, "अप्पा, चारशे घरांत एकच होती."

मी शेजारची गाडी काढायला लावली. रणधीरला फोन केला तर त्याचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये. दगडाबाई, ती आणि मी निघालो. तुळजापूर गेलं, धाराशिव गेलं, येरमाळा गेला. सबंध वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "मावशीचा फोन अकराला आला होता. अकराला निघाले असते तर दोनला पोचले असते." मी खिडकीबाहेर तोंड केलं. माझी जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं.

भूमला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. तिला घरी नाही, आधी स्मशानात जायचं होतं. प्रयागबाईची चिता निम्मी बसली होती, आत निखारे. युवराज धावत आला. डोक्याचे केस उतरवलेले. तो तिच्यापुढं उभा राहून एकच सांगत होता, परत परत, की दोन वाजेपर्यंत आईचं तोंड उघडं ठेवलं होतं, मावशीनं दोनदा फोन लावला तर बिझी लागला, वाटलं गाडीत बसून कुणाशी रडत बोलत असेल. "तुझ्याच कागदावर होतं अक्का, फोन करू नये म्हणून. तू माझ्यावर रागावू नको." ती त्याच्या बोडक्या डोक्यावर हात फिरवत होती. तो कागद तिचा नव्हता. कागद माझा होता, आणि मी तिथं दहा पावलांवर उभा होतो, आणि मला पुढं होऊन ते सांगण्याची हिंमत झाली नाही. ती आज झाली, म्हणून लिहितोय.

तेरावा करून राजनंदिनी परत आली. आल्यावर चार दिवस घराबाहेर पडली नाही. तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं. फसवणूक करत होती म्हणे. नंबर गोळा करून विकत होती म्हणे. ज्यांच्या मयतीला तिच्यामुळं लेकी पोचल्या, त्यातलेही काही जण बोलत होते. कंपनीनं शिक्का मारला की शिक्काच खरा. कलबुर्गीकडच्या त्या बाईचा मात्र एकदा फोन आला. बाई रडत होती.

सतराव्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. म्हणाली, "अप्पा, माझा कॉम्प्युटर न्यायला आलेय. आता कोपरा मोकळा करते." मी तिचं यंत्र बंद केलं नव्हतं. का नाही केलं, सांगता येत नाही. बंद करायला हात धजला नाही. सतरा दिवस ते तसंच सुरू होतं. तिनं पडदा पुसला आणि बघते तर त्याच पहाटे कंपनीचं पत्र आलेलं. तिनं वाचून दाखवलं. तपासणीअंती तुमचं खातं नियमांत बसत असल्याचं आढळलं आहे. बंदी उठवली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खाली कुणाचं नाव नव्हतं.

"गैरसोय!" मी ओरडलो. "गैरसोय म्हणतायत होय रे ह्याला?"

तिनं नंबर पुन्हा जोडायचं बटण दाबलं. मला वाटलं, बंद करायचं तरी नीट बंद करावं म्हणून जोडत असेल. क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावर एक ओळ सरकली. सतरा दिवस त्या कंपनीच्या पोटात कुठंतरी अडकून पडलेला एक निरोप आत आला. पावणेसातचा. युवराजचा. आणि तिच्या प्रोग्रॅमनं, तिनं शिकवलं होतं तसंच, कुणाला न विचारता आपलं काम केलं.

तिच्या पर्समध्ये फोन वाजला.

तिनं काढून बघितला. मला तिच्या मागून दिसलं. भूम येथील प्रयागबाई यांची तब्येत जास्त आहे. असाल तसे निघा. फोन करत बसू नका.

ती ताडकन उठली. खुर्ची मागं पडली. तिनं पायात चप्पल सरकवली, पर्स खांद्याला लावली आणि धावत दुकानाच्या दारापर्यंत गेली. समोर तुळजापूरची एसटी उभी होती, कंडक्टर दार लावत होता. तिनं हात वर केला, गाडी थांबवायला.

मग तिचा हात तसाच खाली आला. एसटी निघून गेली. ती उन्हात पायरीवर उभी होती, आणि मी आत, तिची पडलेली खुर्ची उचलत होतो.